सुट्टीतली कामं

सोमवारी सकाळी ऑफिसात पहिला चहा हातात आला, की ‘वीकेंडला काय केलंस?’ हा प्रश्न ठरलेला. कुणी ताम्हिणी घाटात जाऊन आलेलं असतं, कुणी नव्या मॉलमध्ये, तर कुणी रात्रभर जागून आठ भागांची मालिका संपवलेली असते. ज्यांनी यातलं काहीच केलेलं नसतं ते ‘काही खास नाही, घरीच होतो’ म्हणून विषय मिटवतात. आणखी विचारलं तर यादी लांबलचक निघते. दळण आणलं, पंखे पुसले, उशांचे अभ्रे बदलले, मुलीच्या सायकलचा ब्रेक दुरुस्त करून घेतला, आत्याला फोन केला, कुंड्यांची माती उकरली. संध्याकाळी मे महिन्यात गावी जायचं की दिवाळीत, यावर चर्चा झाली आणि ती अर्धवट राहिली. हे सगळं ‘काही खास नाही’ या तीन शब्दांत बसवलं जातं, ते मला पटत नाही. माझ्या मते आठवड्याची सुट्टी असते ती मुळात याच कामांसाठी. ती सावकाश, आपल्या चालीनं करता येणं हे माणसाच्या आयुष्यातलं मोठं सुख आहे, आणि आपण ते हातचं घालवत चाललो आहोत.

ही सुट्टी आपल्याकडे कशी आली ते आधी आठवायला हवं. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापड गिरण्या सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालत. विजेचे दिवे नव्हते, म्हणून कामाचा दिवस ऋतूप्रमाणे लहान-मोठा होई. उन्हाळ्यात तो तेरा तासांच्या घरात जाई. आठवड्याची सुट्टी कुणाच्या हक्काची नव्हती. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजारांवर कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या आज वाचताना अंगावर काटा येतो, इतक्या त्या साध्या आहेत: रविवारी पूर्ण दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन मिळावं. पुढं सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तिच्यात दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याच्या सुट्टीला जागा मिळाली.

रविवार हा खंडोबाचाही वार. त्या दिवशी देवाला जाणारे देवाला गेले असतील, भजनाला बसणारे भजनाला. पण सुट्टी मिळाल्यावर पहिल्या रविवारी बहुतेकांनी काय केलं असेल? माझ्या डोळ्यांपुढे येतं ते असं: कपडे धुतले असतील. आठवडाभराच्या कापसाच्या धुळीचं अंग चोळून चोळून आंघोळ केली असेल. बाजार केला असेल. लिहिता येणाऱ्याला शोधून त्याच्याकडून गावी चार ओळी लिहून घेतल्या असतील. ज्याचा सगळा उजेड गिरणीनं घेतला होता, त्याला आपल्या घरच्या कामाला उजेड मिळाला. मला यात सुट्टीचा खरा अर्थ दिसतो. आपल्या जगण्याची डागडुजी आपल्या हातानं, दिवसाउजेडी करता यावी, यासाठी तो दिवस मिळाला होता.

आता ही डागडुजी म्हणजे नेमकं काय, ते जरा जवळून बघू.

आमच्याकडे दळण अजून गिरणीत जातं. तयार पिठाची पिशवी दुकानात मिळते हे मला माहीत आहे, पण गव्हाची आणि ज्वारीची पोळी-भाकरी ज्यांच्या घरात रोज होते त्यांना ताज्या पिठाचा फरक हाताला कळतो. ज्वारी जुनी झाली, पीठ शिळं झालं की भाकरी थापताना कडेला चिरते. शनिवारी दुपारी ताटात गहू घेऊन बसायचं, खडे आणि काड्या वेचायच्या, डबा भरायचा. गिरणीत गेलं की आधी बघायचं, आपल्या आधी कुणाचं काय दळलं जातंय. हरभऱ्याच्या डाळीवर आपले गहू पडले तर पोळीला बेसनाचा वास येतो. म्हणून गिरणीवाल्याला सांगायचं, ‘दादा, गव्हावर गहूच घ्या, मी थांबते.’ तोही मान डोलावतो आणि आपला डबा रांगेत मागे सरकवतो. थांबावं लागतं. थांबलं की ओळखी होतात. शेजारच्या इमारतीतल्या आजींचा गुडघा, कुणाच्या मुलाचं बारावीचं वर्ष, नव्या गव्हाचा भाव, हे सगळं त्या पिठाच्या धुरळ्यात कळतं. गरम डबा घरी आला की झाकण लगेच लावायचं नाही, पीठ निवू द्यायचं, नाहीतर वाफेनं त्याला गुठळ्या धरतात. पाव तासाचं काम आहे, पण घाईनं केलं तर प्रत्येक टप्प्यावर बिघडतं.

थंडीत मटार स्वस्त झाला की आम्ही दोन-तीन किलो एकदम आणतो. तो सोलायला एकटं बसायचं नाही, हा आमच्या घरातला नियम. जुनं वर्तमानपत्र पसरायचं, मध्ये पातेलं, आणि ज्याला ज्याला हात आहेत त्यानं बसायचं. माझ्या सासूबाई शेंग अंगठ्यानं देठाकडून फोडतात, मुलगा मधोमध पिळतो आणि अर्धे दाणे सोफ्याखाली घालवतो. हात गुंतलेले असले आणि डोळे खाली असले की माणसं बोलतात. समोरासमोर बसवून ‘कॉलेजात कसं चाललंय?’ म्हणून विचारलं तर ‘ठीक’ एवढंच उत्तर मिळतं. तोच मुलगा मटार सोलताना आपल्याला हा विषय नकोच होता, हे बोलून जातो. घरातले किती तरी महत्त्वाचे निर्णय असे पातेल्याभोवती झालेले मला आठवतात. त्या क्षणी ते निर्णय आहेत हे कुणाला कळलंही नव्हतं.

अशा दिवसातले बेत मला त्या कामांइतकेच महत्त्वाचे वाटतात. पुढच्या रविवारी माळा काढायचा. पावसाळ्याआधी खिडकीच्या फटी भरून घ्यायच्या. जुनी गोधडी शिवायला द्यायची. बाबांचे चष्म्याचे नंबर तपासायचे. एखाद्या वेळी सगळ्यांनी मिळून पन्हाळ्याला जायचं. यातले निम्मे बेत पार पडत नाहीत, आणि त्याचं मला काही वाटत नाही. घर आपल्या उद्याचा विचार करतं ते अशाच बेतांतून. दहा वर्षांच्या आर्थिक नियोजनाच्या तक्त्यात बाबांचा चष्मा येत नाही, पण म्हातारपणाची पहिली चाहूल त्या चष्म्यातच लागते. बेत बोलून दाखवला की एकाची काळजी सगळ्यांची होते. त्यासाठी मोकळी दुपार लागते. रात्री साडेनऊला थकून जेवताना बेत होत नाहीत, फक्त आठवणी करून दिल्या जातात: बिल भरलंस का, सही केलीस का.

इथं मला कुणी अडवेल, आणि अडवायलाच हवं. घरकामाचं हे कौतुक कुणाच्या जिवावर? प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देऊन पुढं गेलं तर वरचं सगळं लिहिणं खोटं ठरेल.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०२४ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. यात ‘करणारे’ हा शब्द नीट वाचायला हवा. बायकांपैकी पाचातल्या चार जणी हे काम करतात, पुरुषांपैकी साधारण चौघांत एक जण करतो. बाकीचे पुरुष त्या सरासरीत आलेलेच नाहीत. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, पण ती पुरुषांकडे गेलेली दिसत नाहीत, कारण त्यांचीही मिनिटं कमीच झाली आहेत.

या आकड्यांत रविवार घालून बघा. आपल्याकडे रविवारचा स्वयंपाक रोजच्यापेक्षा मोठा असतो. नाश्त्याला काहीतरी वेगळं हवं, दुपारी कोंबडी किंवा मासे किंवा पुरणाचा घाट, चारला चहाबरोबर काही, आणि रात्री पुन्हा ‘हलकं काहीतरी’. ज्याची सुट्टी आहे त्याला ती उपभोगता यावी म्हणून दुसरीची सुट्टी त्या ओट्यापाशी संपते. गिरणगावात घाटावरून आणि कोकणातून आलेले कामगार खाणावळीत जेवत, आणि त्या खाणावळी चालवणाऱ्या बायका चुलीपुढून उठत नसत. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं, सावकारापासून सुटका व्हावी म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा कुठं या कामाकडे काम म्हणून पाहिलं गेलं. आजही महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट असते आणि रात्री मेस बंद. मेस चालवणाऱ्या काकूंनाही एका वेळची सुट्टी मिळते आणि ती कुणाला अन्यायाची वाटत नाही. घरातल्या स्वयंपाकघराला मात्र तेवढीही मिळत नाही.

तेव्हा माझ्या म्हणण्याला ही अट जोडलेलीच आहे. काम सावकाश करण्यात सुख आहे ते त्यालाच, ज्याच्या कामाची कुणी ताटकळत वाट बघत नसतं. मटार सोलताना मन मोकळं होतं ते चार जण सोलत असले तर. एकटीनं, घड्याळाकडे बघत, पाहुणे येण्याआधी तीन किलो मटार सोलणं ही निव्वळ हमाली आहे. आणि वाटणी करायची तर ती फक्त हातांची करून भागत नाही. ‘सांग, काय करू?’ असं विचारत दारात उभा राहणारा नवरा हात देतो, पण डोक्यावरचं ओझं तिथंच ठेवतो. गॅसचं सिलेंडर कधी संपेल, तूर डाळ किती उरली, सोमवारी मुलीला पांढरा युनिफॉर्म आहे की रंगीत, हे लक्षात ठेवणं हेच अर्ध्याहून जास्त काम असतं. ते ज्याचं त्यानं उचलावं. आमच्या घरात दळण पूर्णपणे माझं आणि इस्त्री, दूध, बिलं पूर्णपणे नवऱ्याची. त्यात कुणी कुणाला आठवण करायची नाही. दूध नसलं तर त्या दिवशी कोरा चहा. भांडणं झाली, पण व्यवस्था टिकली.

घरकामाची किंमत न कळण्याचा रोग घरापुरता नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले, की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला हवं. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांपर्यंत गेले. रविवारीही लोकांना कामाला बोलावता येत नाही याची त्यांना खंत होती, आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असंही ते म्हणाले. या विधानांवर पुष्कळ टीका झाली. मला त्यात एक हिशेब राहून गेलेला दिसतो. ९० तास सात दिवसांत वाटले तर रोजचे जवळजवळ तेरा तास होतात. म्हणजे उन्हाळ्यातल्या मुंबईत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. महालक्ष्मीच्या सभेत दहा हजार माणसं ज्या वेळापत्रकाविरुद्ध उभी राहिली, नेमकं तेच वेळापत्रक एकशे पस्तीस वर्षांनंतर देशप्रगतीचा उपाय म्हणून सांगितलं जातंय. शिवाय जो रोज तेरा तास कचेरीत असतो, त्याचा शर्ट कोण धुतं, त्याच्या आईला दवाखान्यात कोण नेतं, त्याच्या मुलाच्या पालकसभेला कोण बसतं? नव्वद तास काम करणाऱ्या प्रत्येक माणसामागे दुसऱ्या कुणाचे तरी तितकेच तास असतात, आणि ते कुठल्याच ताळेबंदात येत नाहीत. घरी बसून बायकोकडे बघत राहण्याची कल्पना त्यालाच सुचू शकते, ज्याच्या घरात करायला काही उरलेलं नसतं, कारण ते सगळं आधीच कुणी करून ठेवलेलं असतं.

निवांतपणा हा स्वभावाचा गुण आहे असं आपण समजतो. ‘तो फार शांत आहे, तिला सगळीच घाई’ असं म्हणतो. मला तो बराचसा तासांचा प्रश्न वाटतो. आठवड्याला एकच सुट्टी असेल तर रेशन, गॅस, लग्नाची पत्रिका द्यायला जाणं, केस कापणं हे सगळं त्या एका दिवसात कोंबावं लागतं, आणि त्यात मुंबईत राहत असाल तर रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. त्या दिवशी घाई न करून सांगणार कुणाला? महाराष्ट्र सरकारनं २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला तेव्हा ‘आता सरकारी कामं आणखी रखडणार’ अशी ओरड झाली. कामं वेळेत व्हायला हवीत, हे खरंच. पण दोन दिवस मिळाले की घरात काय होतं हे मी जवळून पाहिलंय. निकडीची कामं शनिवारी दुपारपर्यंत आटपतात आणि जी कामं कधीच निकडीची नसतात त्यांना रविवार मिळतो. ट्रंकेतले जुने फोटो, आईच्या हस्ताक्षरातली लोणच्याची वही, शेजारच्या काकांना पेन्शनचा हयातीचा दाखला काढून देणं. समाजातली पुष्कळशी माया या निकड नसलेल्या कामांवर चालते. म्हणून पाच दिवसांचा आठवडा सरकारी नोकरापुरता न राहता कारखान्यात, दुकानात, खासगी कचेरीत पोचायला हवा, असं मी मानते.

हातात मोबाइल आल्यापासून मिळालेली सुट्टीही पुरती आपली राहिलेली नाही. रविवारी सकाळी साडेदहाला साहेबाचा निरोप येतो, ‘घाई नाही, पण जमलं तर बघ.’ त्यानंतर माणूस पंखा पुसतो, पण त्याचं लक्ष त्या निरोपात असतं. सुट्टीत कामाच्या फोनला उत्तर न देण्याचा हक्क कायद्यानं मिळावा म्हणून बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. राजकारण कुठलंही असो, या मागणीच्या मागे सगळ्यांनी उभं राहायला हवं, कारण १८९० साली जो दिवस मागितला तोच दिवस आता तासातासानं परत नेला जातोय.

आणि ज्यांना तो दिवस अजून मिळालेलाच नाही, त्यांचं काय? सगळ्यांची सुट्टी एकाच वारी असू शकत नाही. मेगाब्लॉकमध्ये रुळांवर माणसं राबतात म्हणून आपली सोमवारची गाडी धावते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते आणि तिथली घरं गुरुवारी तेच करतात जे आम्ही रविवारी करतो. शेतकऱ्याच्या घरी रविवार नावापुरता असतो, पण अनेक गावांत सोमवारी बैल जुंपत नाहीत. जनावरालाही वार ठरवून विसावा द्यायची समज आपल्याकडे होती. वार कुठलाही असो, तो ठरलेला असावा आणि मोडला जाऊ नये, एवढंच महत्त्वाचं.

घरकामाला येणाऱ्या मावशींचा वार मात्र ठरलेला नसतो. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याणकारी मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण चार घरी भांडी घासणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दिवस हक्कानं, पैसे न कापता घरी बसता येईल अशी पद्धत आपल्या सोसायट्यांत आजही रुळलेली नाही. महिन्यात दोन सुट्ट्या ‘चालतात’, तिसरीला तोंड वाकडं होतं. आमच्याकडे येणाऱ्या मावशींनी रविवार मागितला तेव्हा इमारतीत बरीच कुजबुज झाली, की एकीनं दिला तर सगळ्यांना द्यावा लागेल. द्यावा लागलाच. आता तिसऱ्या मजल्यापर्यंत रविवारी सकाळी भांड्यांचे आवाज येतात आणि त्यात पुरुषांची बोलणीही ऐकू येतात. मावशी त्या दिवशी काय करतात हे मी एकदा विचारलं. म्हणाल्या, ‘ताई, घरातलंच. पण माझ्या घरातलं.’ नातवाचं डोकं विंचरतात, पाण्याचं पिंप घासतात, बिशी लावलेल्या बायकांकडे जाऊन बसतात, दुपारी झोपतात. मुलीच्या लग्नाचा बेत त्याच दिवशी ठरला.

माझं मागणं एवढंच आहे, की कामाला बाई ठेवताना पगाराचा आकडा ठरतो तेव्हाच सुट्टीचा वारही ठरावा, आणि पाहुणे आले तरी तो बदलू नये. पुढच्या महिन्यात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आहे. पार्किंग आणि पाण्याची टाकी यांच्याबरोबर हा विषयही मी लेखी दिला आहे.